दूध संकलन केंद्रांवरच्या आयओटी यंत्रणेसाठी एसएलए कसा लिहून घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याकडच्या एका दूध संघाची गावोगावी मिळून १४० बल्क कूलर केंद्रं, म्हणजे दूध थंड करून साठवणाऱ्या टाक्यांची केंद्रं, आहेत. प्रत्येक टाकीत तापमानाचा सेन्सर, कंप्रेसरच्या वायरवर करंट मोजणारी सीटी आणि ही मोजमापं इंटरनेटवरून सर्व्हरकडे पाठवणारा, सिमकार्डवर चालणारा गेटवे बसवायचा आहे. इंटरनेटला जोडलेल्या अशा यंत्रणेला आयओटी म्हणतात. पुरवठादाराने दिलेल्या एसएलएच्या, म्हणजे सेवेची पातळी ठरवणाऱ्या कराराच्या, मसुद्यात सेवेबद्दल एकच ओळ आहे: ‘प्लॅटफॉर्मची उपलब्धता दरमहा ९९.९ टक्के’. एवढ्यावर सही करावी का, आणि नाही तर काय लिहून घ्यावं?

सही करू नका. ही ओळ खोटी नाही, पण ती तुमच्या कामाची नाही. का, ते आधी एका रात्रीच्या गोष्टीवरून सांगतो, कारण त्या रात्रीपासून मी एसएलए लिहायची माझी सगळी पद्धत बदलली.

दोन हजार लिटरची टाकी होती. संध्याकाळचं दूध ओतून झालं, केंद्रचालक घरी गेला. नऊच्या सुमारास वीज गेली, कंप्रेसर थांबला आणि त्याच्याबरोबर गेटवेही. संघाच्या कार्यालयात रात्रपाळीच्या माणसासमोर स्क्रीन होता. त्यावर त्या केंद्रापुढे हिरवा ठिपका आणि ३.८ अंश, रात्रभर. कारण स्क्रीन शेवटचं आलेलं मोजमाप दाखवत राहिला आणि ते किती जुनं आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. संध्याकाळच्या ओतीच्या आधीचं ते मोजमाप होतं; त्यानंतरचं एकही पोहोचलंच नव्हतं. पहाटे टँकर आला, झाकण उघडलं आणि वासावरूनच कळलं. महिनाअखेरीला पुरवठादाराचा अहवाल आला, उपलब्धता ९९.९७ टक्के. तो अहवाल बरोबर होता. सर्व्हर खरंच महिनाभर चालू होता. करार पाळला गेला आणि दूध ओतून द्यावं लागलं.

म्हणून पहिली गोष्ट: करारात सर्व्हर मोजू नका, निरोप मोजा. टाकीत काहीतरी बिघडल्यापासून जनरेटर सुरू करू शकणाऱ्या माणसाने फोन उचलून ‘कळलं’ म्हणेपर्यंत किती वेळ गेला, हे तुमच्या एसएलएचं मुख्य माप. बाकी सगळी मापं त्याच्या पोटात येतात.

आता टक्केवारीचं गणित एकदा करून टाकू. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटं असतात. ९९.९ टक्के म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद चालेल. ऐकायला छान वाटतं. पण तो आकडा साखळीतल्या एकाच कडीचा आहे. अ‍ॅझ्युअर आयओटी हब या मायक्रोसॉफ्टच्या सेवेसारख्या मोठ्या क्लाउड सेवेचा, म्हणजे यंत्रांचे निरोप दुरून घेणाऱ्या सर्व्हर-सेवेचा, स्वतःचा करारही ९९.९ टक्क्यांचाच असतो, आणि तो एवढंच म्हणतो की हब निरोप घ्यायला आणि द्यायला तयार असेल. तुमच्या गावातून निरोप निघाला की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. समजा सेन्सर आणि वायरिंग ९९ टक्के वेळ ठीक, मोबाईल नेटवर्क ९९ टक्के, गेटवे ९९.५ आणि क्लाउड ९९.९. चारही एकापुढे एक आहेत, म्हणजे गुणाकार करायचा. उत्तर येतं ९७.४ टक्के. महिन्याला साडेअठरा तास आंधळे. चारही कड्यांचे आकडे वेगवेगळे बघितले तर कुणाचंच काही वाईट दिसत नाही.

दुसरा सापळा सरासरीचा. १४० केंद्रांची मिळून सरासरी ९९ टक्के, असं लिहिलं तर एक केंद्र पहिल्या तारखेपासून तीस तारखेपर्यंत मेलेलं असलं तरी करार पाळला जातो. १४० मधलं एक म्हणजे ०.७ टक्के. बाकीची ठीक चालली तर सरासरी ९९.३ येते. त्या गावच्या सभासदाला सरासरीचं काय करायचंय? तेव्हा दोन आकडे लिहा: सगळ्या केंद्रांचा मिळून एक, आणि कुठल्याही एका केंद्राने ज्याच्या खाली जायचंच नाही असा दुसरा. मी दुसऱ्यावरच जास्त भांडतो.

वेळेचं अंदाजपत्रक उलटं मांडायचं. शेवटापासून सुरुवात करा: दूध वाचवायला माणसाला किती वेळ हवा? इथे तुमचं दूधच उत्तर देतं. पूर्ण थंड झालेली, चार अंशांवरची टाकी इन्सुलेशन चांगलं असेल तर वीज गेल्यावर लगेच तापत नाही. तिथे तासभर उशीर परवडतो. खरा धोका ओतीच्या वेळी. सकाळचं हजार लिटर चार अंशांवर आहे आणि त्यात संध्याकाळचं हजार लिटर ३४ अंशांचं पडलं, तर मिश्रण १९ अंशांवर येतं. त्या क्षणी कंप्रेसर बंद असेल तर सकाळचं चांगलं दूधही धोक्यात. म्हणजे एकाच बिघाडाला दिवसातल्या दोन वेळी दोन वेगळ्या मुदती. करारात त्या तशाच वेगळ्या लिहा. ओतीच्या वेळांत आणि नंतरच्या चार तासांत पंधरा मिनिटं, एरवी पंचेचाळीस, असं मी सुचवेन.

पंधरा मिनिटं कशी वाटायची तेही लिहा. गेटवेने दर मिनिटाला मोजायचं, तीन मोजमापं सलग वाईट आली की बिघाड धरायचा: तीन मिनिटं. निरोप सर्व्हरवर पोहोचायला दोन. सर्व्हरने ठरवून फोन लावायला एक. केंद्रचालकाने उचलला नाही तर चार मिनिटांनी दुसरा प्रयत्न, मग सचिव, मग मार्ग पर्यवेक्षक. अशी फोड केली की उशीर कुठे झाला ते नंतर सापडतं. फोड नसली की पुरवठादार सिम कंपनीकडे बोट दाखवतो, सिम कंपनी टॉवरकडे, आणि तुम्ही मधे. त्यामुळेच सगळ्या साखळीची जबाबदारी एकाच मुख्य पुरवठादारावर ठेवा. त्याने पुढे सिमवाल्याशी, क्लाउडवाल्याशी काय करार करायचे ते तो बघेल.

मुदत ‘सरासरी’ नको. सरासरी सहा मिनिटं लिहिलं तर एखादा निरोप तीन तासांनी आला तरी सरासरी जेमतेम हलते. ओतीच्या वेळांसाठी ‘शंभरातले ९५ इशारे पंधरा मिनिटांत, आणि एकही इशारा तीस मिनिटांपलीकडे नाही’ असं लिहा.

इशारा कसा पोहोचवायचा हेही करारात हवं. एसएमएसवर विसंबू नका. आपल्याकडे व्यावसायिक एसएमएसचा मजकूर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर आधी नोंदवलेला लागतो. कुणी उत्साहाने मजकुरात केंद्राचं नाव लिहायची पद्धत बदलली आणि ती नोंदवलेल्या साच्यात बसली नाही, तर निरोप वाटेतच अडतो. पाठवणाऱ्याला वाटतं गेला. निकडीच्या इशाऱ्याला आवाजी कॉल, आणि कॉल घेतल्यावर एक बटण दाबून ‘कळलं’ अशी पोच. घड्याळ थांबतं ते त्या पोचेवर, कॉल लावल्यावर नाही.

आता ‘बिघाड’ म्हणजे काय. तज्ज्ञ मंडळी या व्याख्येवरून घाईने पुढे जातात, आणि पुढचे सगळे वाद तिथूनच उगवतात. ‘तापमान सहा अंशांच्या वर गेलं की इशारा’ असं लिहिलंत तर रोज दोनदा १४० केंद्रांवर घंटा वाजेल, कारण ओतीच्या वेळी तापमान वर जाणारच. टाकी रिकामी करून गरम पाण्याने धुतली की पुन्हा घंटा. आठ दिवसांत केंद्रचालक तो नंबर सायलेंटवर टाकतो. हा त्याचा दोष नाही, आपला आहे. व्याख्या अशी हवी: तापमान सहाच्या वर आहे आणि कंप्रेसरचा करंट शून्य आहे, किंवा कंप्रेसर चालू आहे पण पाऊण तासात तापमान उतरलेलं नाही. दुसऱ्या प्रकारात गॅस कमी झालेला असतो, कंडेन्सरवर कोंडा-धूळ बसलेली असते किंवा ढवळणी बंद पडलेली असते. धुण्यासाठी चालकाने दाबायचं एक बटण ठेवा, त्याने एक तास इशारे थांबतील आणि आपोआप पुन्हा सुरू होतील. आणि खोट्या इशाऱ्यांवरही मर्यादा लिहा: एका केंद्रावर महिन्याला दोनपेक्षा जास्त नकोत. इशारा चुकला तर दंड आणि खोटा वाजला तर काहीच नाही, असं असेल तर पुरवठादार साहजिकच सगळ्यावरच घंटा वाजवेल.

मोजमाप खरं आहे का, हा पुढचा भाग. स्वस्त यंत्रणांमध्ये बहुतेकदा डीएस१८बी२० हा सेन्सर असतो. चांगला आहे, उणे १० ते ८५ अंशांत अर्ध्या अंशाच्या आत अचूक. पण त्याची एक खोड आहे. वीज आल्यावर पहिलं मोजमाप पुरं व्हायच्या आत त्याला वाचलं तर तो ८५ अंश सांगतो. हा त्याचा सुरुवातीचा ठरलेला आकडा आहे, तापमान नव्हे. वायर सुटली तर एक लोकप्रिय सॉफ्टवेअर लायब्ररी उणे १२७ देते. एका केंद्रावर महिन्याचं सरासरी तापमान काही केल्या जुळेना. शेवटी कच्च्या नोंदी उघडल्या तर वीज परत आल्यावर प्रत्येक वेळी एक ८५ बसलेला होता. तेव्हा करारात लिहा की असे आकडे ‘मोजमाप’ म्हणून धरायचे नाहीत, ‘आलं नाही’ असे धरायचे. आणि अचूकतेची तपासणी दर सहा महिन्यांनी, तीही तुमच्या डोळ्यांदेखत: बादलीत बारीक ठेचलेला बर्फ, त्यात थोडं पाणी, ढवळून सेन्सर दहा मिनिटं आत. शून्याच्या आसपास अर्ध्या अंशात आला तर ठीक, नाही तर बदला. याला प्रयोगशाळा लागत नाही.

नोंदी किती आल्या याचं प्रमाणही लिहायला हवं, पण नीट. इशारे सोडून, दर पाच मिनिटांना एक नोंद सर्व्हरकडे, म्हणजे केंद्रामागे दिवसाला २८८ आणि १४० केंद्रांच्या ४०,३२०. त्यातल्या किती वेळेवर आल्या आणि किती उशिरा आल्या, हे वेगळं मोजा. नेटवर्क गेलं तर गेटवेने नोंदी स्वतःकडे साठवून नंतर पाठवायच्या, किमान सात दिवसांच्या. उशिरा आलेली नोंद दुधाच्या गुणवत्तेच्या इतिहासाला उपयोगी आहे, इशाऱ्याला नाही. दोन्ही एकाच टक्क्यात मिसळू देऊ नका.

यासाठी दोन तांत्रिक अटी जरूर घाला. प्रत्येक नोंदीवर गेटवेने दिलेला चढता क्रमांक, आणि दोन वेळा: मोजल्याची आणि सर्व्हरवर पोहोचल्याची. क्रमांक नसेल तर हरवलेल्या नोंदी मोजताच येत नाहीत. शिवाय बहुतेक यंत्रणा एमक्यूटीटी ही निरोप पाठवायची पद्धत वापरतात आणि त्यात ‘किमान एकदा पोहोचेल’ या पातळीवर तीच नोंद दोनदा येऊ शकते. क्रमांक न बघता मोजलं तर प्रमाण शंभराच्या वर जातं. गेटवेच्या घड्याळाचंही लिहा. डीएस३२३१ सारखी चांगली घड्याळ-चिप वर्षाला मिनिटभर चुकते, साधी स्फटिकाची त्याच्या कितीतरी पट. घड्याळ भरकटलं की पंधरा मिनिटांच्या मुदतीला अर्थ उरत नाही. रोज एकदा नेटवर्कवरून वेळ जुळवायची, एवढं पुरे.

आणि शांतता हाच इशारा. ज्या रात्रीची गोष्ट वर सांगितली, तिच्यावर हाच एक उपाय होता. एमक्यूटीटी १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार केलं, आणि त्यात आजही अशी सोय आहे की यंत्र निरोप न देता गायब झालं तर ब्रोकरच (निरोप घेऊन पुढे देणारा सर्व्हर) त्याच्या वतीने जाहीर करतो की हे गेलं. मात्र किती वेळाने, ते ‘कीप-अलाइव्ह’ वर, म्हणजे यंत्राने ‘मी आहे’ असं कळवायच्या कमाल मुदतीवर ठरतं: त्या मुदतीच्या दीडपट. साठ सेकंद ठेवलं तर दीड मिनिटात कळतं, वीस मिनिटं ठेवलं तर अर्ध्या तासाने. डेटा वाचवायला पुरवठादार ही मुदत गुपचूप वाढवतात. करारात आकडा लिहा. आणि स्क्रीनवर प्रत्येक तापमानाशेजारी त्याचं वय दिसलंच पाहिजे, दहा मिनिटांपेक्षा जुनं झालं की हिरवा रंग जायला हवा.

आता अपवादांची यादी. मसुद्यात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते, मी तिथूनच वाचायला सुरुवात करतो. हमखास तीन ओळी सापडतात: वीजपुरवठा नसताना, मोबाईल नेटवर्क नसताना, आणि नियोजित देखभालीच्या काळात करार लागू नाही. पहिली ओळ राहिली तर यंत्रणा घेण्यात अर्थच नाही. वीज जाते म्हणून तर सेन्सर लावायचा! ती खोडून त्याजागी लिहा: गेटवेच्या बॅटरीवर किमान आठ तास मोजमाप आणि निरोप चालू राहतील, आणि हे वर्षातून दोनदा प्रत्यक्ष प्लग काढून दाखवलं जाईल. बॅटरी दोन वर्षांत उतरते, त्यामुळे बदलण्याची तारीखही लिहा.

नेटवर्कची ओळ सरसकट खोडता येणार नाही, पण अरुंद करता येते. माण-खटावच्या उघड्या माळावरचं केंद्र आणि पाटणच्या पुढे कोयनेच्या खोऱ्यातलं केंद्र यांना एकच आकडा लावणं अन्यायाचं आहे, दोन्ही बाजूंना. आधी प्रत्येक केंद्रावर आठवडाभर सिग्नल मोजून घ्या आणि केंद्रांचे दोन गट करा. दऱ्याखोऱ्यातल्या गटाला दोन कंपन्यांची सिम आणि बाहेर उंचावर अँटेना बंधनकारक करा. गेटवेतला मोडेम (सिमवरून नेटवर्कला जोडणारा भाग) कुठल्या पिढीचा आहे तेही विचारा. निव्वळ टूजीचा मोडेम जिओवर चालणार नाही, कारण त्यांच्याकडे टूजी नाहीच. स्वस्तात मिळालेला असा मोडेम तुमच्या निवडीतून एक कंपनी आधीच काढून टाकतो. देखभालीबद्दल एकच: सकाळी पाच ते दहा आणि संध्याकाळी पाच ते दहा कुठलीही नियोजित देखभाल नाही, आणि सॉफ्टवेअर बदलायचं तर आधी पाच केंद्रांवर, दोन दिवस थांबून मग बाकी ठिकाणी, बिघडलं तर आपोआप आधीच्या आवृत्तीवर परत.

दुरुस्तीची मुदत अंतरावर ठेवा. साताऱ्यात बसून ‘चोवीस तासांत माणूस येईल’ हे सोपं आहे, जुलैत घाटापलीकडे नाही. दर पंधरा केंद्रांमागे एक पूर्ण जुळवलेला गेटवे तालुक्याच्या ठिकाणी ठेवायला लावा, आणि तो केंद्रचालकाला स्वतः बदलता यावा: तीन प्लग, तिन्ही वेगळ्या आकाराचे.

दंडाबद्दल वास्तव बोलू. समजा केंद्रामागे महिना ६०० रुपये भाडं आहे आणि टाकीत ७०,००० रुपयांचं दूध. पुरवठादार नासलेल्या दुधाची भरपाई लिहून देणार नाही, आणि दिली तरी वसूल होणार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. नुसता धाक म्हणून लिहिलेला मोठा आकडा कोर्टात टिकत नाही. म्हणून दंड भाड्याच्या प्रमाणात ठेवा: एका केंद्राचा एक इशारा मुदतीत आला नाही तर त्या केंद्राचं त्या महिन्याचं पूर्ण भाडं माफ. आणि जोर दुसरीकडे लावा: सलग तीन महिने ठरलेलं प्रमाण गाठलं नाही तर विनाशुल्क करार मोडण्याचा हक्क. दुधासाठी विमा वेगळा बघा.

मोडण्याचा हक्क मात्र कागदावर राहू नये. गूगलने आपली आयओटी कोअर ही सेवा १६ ऑगस्ट २०२३ ला बंद केली. आधी वर्षभर सूचना होती, तरी ज्यांच्या गेटवेत सर्व्हरचा पत्ता आणि डिजिटल किल्ल्या पक्क्या बसवलेल्या असतील, त्यांना एकेका यंत्रापाशी जावं लागणारच. तेव्हा लिहा: गेटवेचा सर्व्हर दुरून बदलता येईल, सगळ्या नोंदी संघाच्या मालकीच्या, मागितल्यावर सात दिवसांत साध्या, एक्सेलमध्ये उघडणाऱ्या सीएसव्ही फाइलमध्ये, आणि सिमकार्डं संघाच्या नावावर.

मोजणार कोण? पुरवठादाराचा अहवाल पुरवठादारच काढतो, ही पद्धत मोडा. तुमच्याकडे नोंदींची दुसरी प्रत रोज रात्री येऊ द्या, आणि महिन्यातून एकदा, कुठल्या दिवशी ते न सांगता, पाच केंद्रांवर कसोटी घ्या. सेन्सर टाकीतून काढून कोमट पाण्याच्या तांब्यात ठेवायचा, कंप्रेसरचा स्विच बंद करायचा, हातात घड्याळ घेऊन बसायचं. फोन किती मिनिटांनी वाजला आणि पोच किती मिनिटांनी दिली ते वहीत. मी पुढची बैठक याच वहीवर घेतो.

एक अट तुमच्यावरही आहे आणि ती करारात असायलाच हवी: फोन उचलणाऱ्यांची यादी ताजी ठेवणं. केंद्रचालक बदलला आणि नंबर जुनाच राहिला तर पुरवठादाराचा दोष नाही. कुणी बदलला की दोन दिवसांत कळवायचं, संघातला एक माणूस त्याला नेमून द्या. रात्री जनरेटरची किल्ली आणि डिझेल कुणाकडे, हेही त्याच यादीत.

हे सगळे आकडे आज माझ्या अंदाजाने लिहिलेत. ते पक्के करायच्या आधी दहा केंद्रं निवडा, निम्मी माणातली, निम्मी पाटणची, आणि जून ते सप्टेंबर चालवून बघा. त्या चार महिन्यांचा करार वेगळा, दंडाशिवाय, फक्त मोजण्यासाठी. ऑक्टोबरात जे आकडे वहीत असतील, त्यांवरून १४० केंद्रांचा करार लिहा.